तिवईवर ठेवलेली घोंगडी

मी तबनी, कार-नुना गावचे पाटकरी पुझूर यांची विधवा, राहणार कालव्याच्या खालच्या वस्तीत, मासळीबाजारामागे. आज पूर्ण शुद्धीवर असताना आणि डोक्याशी कोणी दंडुका घेऊन उभे नसताना, माझ्यामागे घराचे व घराण्याच्या हक्काचे काय व्हावे ते मी सांगते आणि लिपिक मान्सुम ते ओल्या मातीच्या पाटीवर लिहून घेतो. माझ्या छातीत पाणी झाले आहे असे वैद्याचे म्हणणे. या गावाने आयुष्यभर पाण्यावरून डोकी फोडली आणि पाणी शेवटी येऊन बसले ते माझ्या छातीत, याला काय म्हणावे? बुद्धी मात्र शाबूत आहे. ज्याला खात्री नसेल त्याने शेजारी कुब्बुलुम नावाड्याला विचारावे. त्याच्या बकरीने माझ्या छपराच्या किती चटया खाल्ल्या ते मी त्याला आज सकाळीच ऐकवले आहे.

उद्या कोणी म्हणेल की बाईमाणसाला मृत्युपत्र करण्याचा अधिकार कोणी दिला. म्हणून ते आधी लिहावे.

पुरात्तू नदीतून आमचा कालवा जेथे निघतो तेथे मुखाचे दार आहे, आणि त्या दाराची झाऊच्या लाकडाची आगळ माझ्या यजमानांच्या घराण्यात पणजोबांपासून आहे. कोणत्या वस्तीची पाळी कधी, हे पाटकरी ठरवत नाही. ते ठरलेलेच असते. तो फक्त दार उघडतो आणि बंद करतो. हे इतके साधे काम राजाच्या कारभाऱ्याला, इप्कूला, कधी कळले नाही. तो बाबिलोनहून शिपाई घेऊन आला. वरच्या अंगाला त्याने राजाची खजुराची बाग लावली आणि तिच्या आडोशाला स्वतःची. मग यजमानांना हुकूम दिला की खालच्या वस्तीची पाळी चुकव.

यजमान म्हणाले, "कारभारी, आज त्यांचा दिवस आहे. दार उघडणार."

"आणि मी नको म्हटलं तर?"

"तर तुम्ही नको म्हणालात असं सांगून उघडणार."

इप्कूच्या शिपायांनी त्यांचे दोन्ही हात त्याच आगळीवर दाबून धरले आणि मुसळाने एकेक बोट ठेचले. गाव बघत होते. मीही बघत होते. मला दोघांनी केसांना धरून ठेवले होते. इप्कू कांदा खात उभा होता. काम झाल्यावर म्हणाला, "आता उघड की, पाटकऱ्या."

त्यानंतर यजमान एक हिवाळा जगले. मी त्यांना घास भरवत होते. मरण्याआधी त्यांनी पंचांना बोलावून सांगितले की माझ्यामागे तबनी ही माझ्या घराची बाप आणि आईही. शिक्का धरायला बोटे नव्हती, तेव्हा पाटीवर त्यांच्या घोंगडीच्या काठाच्या दशा दाबल्या. ती पाटी देवघरात आहे. अधिकार कोठून आला, तर तेथून.

आता वाटणी.

राहते घर, त्याचे दार, दाराची चौकट आणि छप्पर, बकरीने खाऊन उरले तेवढे, हे माझी मुलगी रिबातू हिचे. चौकटीला वर्षातून एकदा तिळाचे तेल लावावे. दार कुरकुरले तरी चालेल. मला त्या आवाजाची सवय आहे आणि मी याच जमिनीखाली असणार आहे.

जाते आणि जवाच्या दारूचे रांजण रिबातूचेच. तिला दारू नीट जमत नाही, आंबट होते. शिकावे.

कुब्बुलुम नावाड्याला माझा निळा मण्यांचा हार. त्याच्या मेलेल्या बायकोने तो माझ्याकडे मागितला होता आणि मी दिला नव्हता. हार त्याने लेकीला द्यावा, बकरीच्या गळ्यात घालू नये.

माझा थोरला मुलगा एतेल. याच्याविषयी लिहिताना मान्सुमने हात आखडता घेऊ नये, मी जसे सांगते तसेच लिहावे.

बापाची बोटे फुटली त्यानंतर दाराशी कोणी तरी उभे राहायला हवे होते. इप्कूने एतेलला बोलावले, तलम कापडाचे वस्त्र दिले आणि आगळ त्याच्या हातात ठेवली. ती आगळ बापाच्या रक्ताने अजून काळी होती. मी एतेलच्या तोंडावर थुंकले. त्याने तोंड पुसले आणि म्हणाला, "दगडापेक्षा वीट मऊ, आई. दार परक्याच्या हाती जाण्यापेक्षा माझ्या हाती असलेलं बरं. निदान आपल्या वाफ्यांना तरी पाणी मिळेल."

पहिल्या महिन्यात मिळाले. पुढे आमच्याही चाऱ्या कोरड्या पडल्या. खालच्या वस्तीच्या विहिरी खारावल्या, मेंढ्या उभ्या जागी कोसळल्या, आणि बायकांच्या छातीला दूध येईना म्हणून तान्ही पोरे गेली. एतेल दाराशी बसून राहिला. माझा धाकटा, अहुनी, त्याला समजवायला दोनदा गेला. पालथ्या घड्यावर पाणी. तेही आमच्याकडे उरले नव्हते.

या वर्षी जवाच्या ओंब्या भरायची वेळ आली. नदीला नवे पाणी चढले होते आणि आमच्या शेतांत भेगा होत्या. इप्कूने निरोप धाडला की कालव्याच्या पोटात गाळ साचला आहे, तो तुम्ही काढा, मग पाणी सोडतो. खालच्या वस्तीतले सगळे धडधाकट पुरुष फावडी घेऊन कालव्यात उतरले. सगळ्यांत पुढे अहुनी. त्याने फार मोठ्याने बोलायला नको होते, पण त्याचा स्वभावच तसा. म्हणाला, "गाळ निघू दे, मग मी बाबिलोनला जातो. राजाच्या पायऱ्यांवर बसतो. बाबांची बोटं कुणी ठेचली ते सांगितल्याशिवाय उठत नाही." ते इप्कूच्या कानावर गेले.

आता जे आमच्यात पोरासोरालाही ठाऊक आहे ते मुद्दाम लिहून ठेवते. कालव्याच्या पोटात माणसे असली की पाटकरी आगळीला हात लावत नाही. दाराशी खुंटीवर डफ असतो. तो वाजवत त्याने काठाकाठाने हाळी देत जायचे, आणि सर्वांत खालच्या माणसाने "आलो वर" असे ओरडून सांगितल्याशिवाय परत फिरायचे नाही. आमच्या गावात खून झाले आहेत, घरे जळली आहेत, पण डफ वाजवल्याशिवाय दार कोणी उघडले नव्हते.

एतेलने उघडले.

माणसे कमरेइतक्या गाळात होती. गाळात रुतलेला पाय ओढून निघत नाही. वरून आलेल्या पाण्याने त्यांना आधी आडवे पाडले, मग एकमेकांवर लोटले. काठावर भाकऱ्या घेऊन आलेल्या बायकांनी हात पुढे केले, तर हातात नुसती मुंडाशी आली. कुब्बुलुमचा मुलगा त्यात गेला. मान्सुमचा भाऊ गेला; तो हे लिहिताना थांबला आहे, त्याला थांबू द्यावे. अहुनी मला लव्हाळ्यात सापडला. फावड्याचा दांडा त्याच्या मुठीतून सुटत नव्हता. त्याचे तोंड गाळाने गच्च भरले होते. लहानपणी तो माती खायचा तेव्हा मी बोट घालून काढत असे, तसाच तो काढला.

रिबातू मात्र माझ्यासारखी लव्हाळ्यात शोधत बसली नाही. ती काठाने वर पळत सुटली, वाटेत पडलेले एक फावडे उचलले, आणि मुखाशी पोचली. इप्कू दाराच्या ओट्यावर उभा होता.

तिने विचारले, "डफ का नाही वाजवला?"

तो हसून म्हणाला, "कसला डफ, पोरी?"

पहिला घाव मानेवर बसला, दुसरा तो पडल्यावर कवटीवर. तिसरा तिला आठवत नाही असे ती म्हणते, पण लोकांनी पाहिला आहे. तोवर मागून वस्ती आली. शिपाई पाच वेळा जन्मले असते तरी वाचले नसते. त्यांना कुदळींनी खांडून दारातून खाली लोटले. त्या दिवशी आमच्या शेतांत पाणी आले ते लाल होते, आणि आम्ही ते जवाला दिले. मला त्याचा पश्चात्ताप नाही. जव चांगला आला आहे.

एतेल देवळात पळाला आणि देवाच्या ओट्याला मिठी मारून बसला, तो अजून तेथेच आहे. पुजारी सिल्ली त्याला भाकरी देतो. लोक देवळात शिरून त्याला ओढून का काढत नाहीत? देवाच्या भीतीने, हे एक. दुसरे असे की त्याच्या अंगावर बापाची घोंगडी आहे. पुझूरच्या घोंगडीवर फावडे उगारायला या वस्तीत कोणाचा हात अजून धजत नाही.

तेव्हा लिही, मान्सुम.

फावडे, ज्याने इप्कू मारला, ते रिबातूचे. पात्याला खळगा पडला आहे तो ठोकून सरळ करू नये.

कालव्याच्या दाराची आगळ रिबातूची. आजपासून मी रिबातूला माझी मुलगी आणि माझा मुलगाही ठरवते. घरातले देव तिचे, घरातले मेलेले तिचे. अमावास्येला जमिनीतल्या नळीतून आम्हाला पाणी ओतणे आणि आमची नावे घेणे हे तिचे काम. पंचांपैकी काहींनी नाके मुरडली. बाई दार धरणार? म्हटले, बाईने धरले म्हणूनच तुमच्या शेतात ओंब्या आहेत. नाकाने कांदे सोलू नका.

रिबातू, आता तुला सांगते. राजा दुसरा इप्कू पाठवील. त्याच्यासाठी फावडे घेऊन बसू नकोस. तो येईल तेव्हा राजाच्या बागेला तिच्या पाळीचे पाणी चालू असलेले त्याला दिसले पाहिजे, थेंबभर कमी नाही. पाणी वेळेवर मिळाले की राजांना मेलेले कारभारी फार दिवस आठवत नाहीत. सूड म्हणून वरच्या अंगाचे पाणी तोडलेस तर तूही इप्कूच, फक्त वेणी घातलेला. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हे खरे. पण इथे ससा म्हणजे माणसे आहेत.

एतेल यास माझ्या मिळकतीतून दाराशी असलेला डफ. दुसरे काही नाही. यापुढे रिबातू जेव्हा जेव्हा दार उघडील तेव्हा एतेलने तो डफ वाजवत मुखापासून शेवटच्या शेतापर्यंत काठाने चालत जावे, हाळी द्यावी, आणि अहुनी जेथे सापडला तेथे थांबून त्याचे नाव घ्यावे. एवढे केले तर त्याने या घरात जेवावे, झोपावे, बापाची घोंगडी पांघरावी. तो पुझूरचा मुलगाच राहील, आणि त्याच्या अंगाला हात लावणारा माझ्या घराचा वैरी.

हे मान्य नसेल तर आपला रिवाज आहे. त्याने घोंगडी उतरवून तिवईवर ठेवावी आणि उघड्या अंगाने चालते व्हावे. मग तो कोणाचा कोणी नाही, आणि त्याच्या रक्ताचा जाब कोणी कोणाला विचारणार नाही.

एतेलला बोलवा. हे भिजत घोंगडे मला मागे ठेवायचे नाही.

(येथे लिपिकाने पाटीवर ओले फडके घातले. पुढचे, पुजारी सिल्ली एतेलला घेऊन आला आणि सर्व वाचून दाखवले त्यानंतरचे, तबनीच्याच सांगण्यावरून.)

एतेल वाळला आहे. देवळातल्या भाकरीने माणूस पोसत नाही. तो माझ्या अंथरुणाशी बसला नाही, तिवईशी उभा राहिला. बाहेर अंगणात वस्तीतले लोक फावडी टेकवून उभे होते. वाचून झाले तेव्हा तो हसला. बापासारखा हसतो मेला.

"डफ? आई, मी थोरला आहे. दोन वाटे माझे, घरातले देव माझे. आणि तू मला डफ देतेस?"

"तोच देते. जो वाजवला नाहीस."

"मी हाळी दिली होती. वारा उलटा होता, त्यांना ऐकू गेली नाही."

रिबातू दाराशी उभी होती. ती म्हणाली, "दादा, डफात चिमणीनं घरटं केलं होतं. मी गेले तेव्हा आत अंडी होती, धड. वाजवला असतास तर राहिली असती का रे?"

मग पुजारी सिल्ली पुढे झाला. "घे बाबा तो डफ. आई जगायची वाट दाखवतेय तुला."

"जगायची?" एतेल म्हणाला. "बहिणीनं दार उघडायचं आणि मी पुढं पुढं डफ बडवत जायचं? अहुनीच्या नावानं बोंब मारत? त्या कुब्बुलुमनं, त्या सगळ्यांनी काठावर बसून बघायचं?"

"बघू देत की," मी म्हटले. "तुझ्या बापाची बोटं ठेचताना पण सगळ्यांनी बघितलं होतं. तो हिवाळाभर जगला ना तसाच?"

"मी बाबा नाही."

"नाहीस. ठाऊक आहे मला. तरी घे."

त्याने घोंगडीच्या गाठीला हात घातला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मी हे कलम सांगितले तेव्हा मला वाटले होते की तो डफ घेईल. दगडापेक्षा वीट मऊ म्हणणारा माणूस आहे, मऊ तेच उचलील, असे मी धरून चालले होते. आयुष्यात एकदा ताठ व्हायचे त्याला नेमके आजच सुचले.

"एतेल, बाहेर बघ. घोंगडी अंगावर ठेव."

"लिहिताना नाही आठवलं?"

"ठेव रे अंगावर. अरे, डफ घे. घे ना डफ."

त्याने घोंगडी उतरवली. तिची नीट चौघडी घातली, कडेला कड जुळवून, तशी त्याच्या बापाने दोघा भावांना शिकवली होती. ती तिवईवर ठेवली आणि उघड्या अंगाने बाहेर गेला. रिबातू त्याच्या वाटेत एकदा आली, मग बाजूला झाली.

मला उठता आले नाही. फावडे ओल्या गाळात कसे वाजते आणि कोरड्यात कसे, हे मी निजल्या जागेवरून ओळखते. हा आवाज दोन्हींतला नव्हता. एतेल ओरडला नाही. माझेच ओरडणे सगळ्यांनी ऐकले, आणि कुब्बुलुम आत आला तो हातातले फावडे लपवत. लपवू नकोस म्हटले. रिवाजाप्रमाणे तुला कोणी काही विचारणार नाही.

माती अजून ओली आहे. आणखी एक कलम लिही, मान्सुम. पाटीवर जागा नसेल तर कडेवर लिही.

रिबातूने एतेलला आत आणावे. त्याच्या अंगावर बापाची घोंगडी घालून त्याला याच घराच्या जमिनीखाली पुरावे. रिवाजाने तो आता माझा कोणी नाही. रिवाजाने त्याला दूध पाजले नव्हते, मी पाजले होते. अहुनी भिंतीच्या बाजूला आहे. एतेलला दाराच्या बाजूला ठेवावे आणि मी गेल्यावर मला दोघांच्या मध्ये. लहानपणी ते भांडायचे तेव्हा मी अशीच मध्ये झोपत असे. अमावास्येला पाणी ओतताना त्याचेही नाव घ्यावे. आणि रिबातू, पाणी सोडताना डफ आता तुलाच वाजवायचा आहे. अंडी फुटून पिल्ले उडाली असली तरच खुंटीवरून काढ, तोवर दुसरा घे.

साक्षीदार:

सिल्ली, पुजारी. शिक्का उमटवला.

कुब्बुलुम, नावाडी. शिक्का नाही, अंगठ्याचे नख दाबले. हात धुऊन आला.

अहुनी, पुझूरचा मुलगा. त्याच्या स्वतःच्या घोंगडीच्या दशा, गाळासकट.

एतेल, पुझूरचा मुलगा. बापाच्या घोंगडीच्या दशा, तिवईवरून उचलून.

(सिल्ली म्हणाला की मेलेल्यांची साक्ष चालत नाही. तबनी म्हणाली, "मग या कालव्यावर साक्षीला उरलंय कोण?" त्यावर दशा दाबल्या.)

लिहून देणार: तबनी. उजव्या हाताचे नख.

लिहिणार: मान्सुम, लिपिक.

मुक्काम कार-नुना. महिना अद्दारू. राजाने प्रजेसाठी "सर्वांचे सुख" नावाचा कालवा खणला, त्या वर्षाच्या पुढचे वर्ष.